रुंद झालेला रस्ता आणि पायी चालणारा माणूस

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्याचे समुद्रापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेले दोन शेजारी तालुके. एकातून उल्हास नदी वाहते, दुसऱ्यातून पाताळगंगा. मुंबईहून पुण्याला जायचे तर या दोघांपैकी एकाच्या अंगावरून जावेच लागते, कारण बोरघाट यांच्या डोक्यावर आहे. घाटाची मूळ वाट पायवाटच होती. ती शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली अशी आख्यायिका आहे आणि त्याचे देऊळ आजही घाटात आहे. १८३० मध्ये या वाटेवरून गाड्यांचा रस्ता झाला, १८६३ मध्ये रेल्वे घाट चढली आणि २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला. प्रत्येक टप्प्यावर वाट रुंद झाली, वेग वाढला आणि पायी चालणारा थोडा आणखी कडेला सरकला.

तो कडेला सरकला तरी नाहीसा झालेला नाही. कर्जत, खोपोली, नेरळ, चौक या गावांत सकाळच्या लोकलसाठी लगबगीने निघालेले नोकरदार, शाळेची मुले, बाजाराला आलेल्या बाया, ठाकूर-कातकरी वाड्यांवरून करवंदे, रानभाज्या किंवा मोळी घेऊन उतरलेली माणसे, वीटभट्टीवरचे मजूर आणि कारखान्याची पाळी संपवून परतणारे कामगार हे सारे पायीच असतात. ज्याच्याकडे गाडी आहे, तोही स्टेशनजवळ गाडी लावल्यावर पादचारीच होतो. शहराच्या वाढीचे मोजमाप इमारतींवरून होते, पण ज्यांच्यासाठी त्या इमारती उभ्या राहतात त्यांनी दारातून स्टेशनपर्यंत कसे जायचे, हा प्रश्न आराखड्यात बहुधा शेवटी येतो.

या भागाची वाढ थांबण्याची चिन्हे नाहीत. पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेचा सुमारे ३० किलोमीटरचा दुहेरी मार्ग मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात हाती घेतला गेला. त्यावर चिखले, मोहोपे आणि चौक ही स्थानके आहेत आणि वावर्ले येथे अडीच किलोमीटरहून लांब बोगदा आहे. नवी मुंबईच्या विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ या नियोजन क्षेत्राचा पसारा खालापूरपर्यंत पोहोचलेला आहे. शहापूर-मुरबाड-कर्जत-खोपोली हा एकेकाळचा साधा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. गाव तिथेच, घरे तिथेच, फक्त दारासमोरून जाणाऱ्या रस्त्याचा दर्जा बदलला. पादचाऱ्याच्या दृष्टीने या दोन तालुक्यांतली सर्वांत मोठी घटना हीच आहे.

असा रस्ता ओलांडण्यातला धोका समजून घ्यायचा तर थोडे गणित करावे लागते. रस्त्यांचे आराखडे करताना पादचारी सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो असे धरतात. सात मीटर रुंदीचा दुपदरी रस्ता ओलांडायला त्याला जवळजवळ सहा सेकंद लागतात. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार तेवढ्या वेळात शंभर मीटर अंतर कापते. म्हणजे रस्त्यावर पाऊल टाकताना शंभर मीटरपर्यंत काहीही येत नसेल, तरच पलीकडे निवांत पोहोचता येते. गुडघे दुखणारी आजी किंवा डोक्यावर हारा घेतलेली बाई यांना आठ-नऊ सेकंद लागतात, आणि त्यांच्यासाठी हे अंतर दीडशे मीटरच्या घरात जाते. वळणावर किंवा चढावर दीडशे मीटर दिसतच नाहीत.

आता चालकाच्या बाजूने पाहू. समोर माणूस दिसणे, धोका ओळखणे आणि पाय ब्रेकवर जाणे यात साधारण दीड सेकंद जातो. समजा पंचवीस मीटरवर एखादे मूल अचानक रस्त्यात आले. ताशी ३० च्या वेगातली मोटार कोरड्या रस्त्यावर साडेसतरा मीटरमध्ये थांबते, मुलाच्या साडेसात मीटर अलीकडे. हीच मोटार ५० च्या वेगात असेल तर तिला थांबायला पस्तीस मीटर लागतात, आणि मुलापर्यंत पोहोचताना तिचा वेग अजून ताशी ४० च्या वर असतो. पावसाने ओल्या झालेल्या रस्त्यावर पस्तीसचे पंचेचाळीस मीटर होतात. टायर झिजलेले असतील तर त्याहून अधिक. जागतिक आरोग्य संघटनेच्या मांडणीनुसार ताशी ५० वेगाच्या मोटारीची धडक बसलेल्या प्रौढ माणसाचा मृत्यू होण्याची शक्यता २० टक्क्यांहून कमी असते, तर ताशी ८० ला ती ६० टक्क्यांच्या जवळ जाते. माणसे आणि वाहने एकाच जागेत मिसळतात तिथे ताशी ३० ही मर्यादा असावी, असे २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटले आहे, त्यामागचा हिशेब हा आहे. ‘जरा सावकाश चालवा’ ही विनवणी वाटते. खरे तर ती मीटरमध्ये मोजता येणारी गोष्ट आहे.

देशपातळीवरचे आकडे याला धरूनच आहेत. भारतात २०२३ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ७२ हजारांहून अधिक माणसे मरण पावली आणि त्यांतले ३५ हजारांवर पादचारी होते. दर पाच मृतांमागे एक पायी चालणारा.

गावातले रस्ते आधी घेऊ. कर्जतचा चार फाटा हे या भागातले सर्वांना ठाऊक असलेले ठिकाण. अशा फाट्यावर एसटी, सहाआसनी रिक्षा, मुंबईकरांच्या मोटारी, खडी-मातीचे डंपर आणि फळांच्या गाड्या एकाच वर्तुळात येतात. फाटा हा थांबाही असतो आणि बाजारही. प्रवासी जिथे उतरतो तिथेच त्याला रस्ता ओलांडायचा असतो, आणि तो उभ्या बसच्या पुढून ओलांडतो. मागून ओव्हरटेक करणाऱ्या चालकाला तो दिसत नाही, त्यालाही चालक दिसत नाही. बस निघून जाईपर्यंत थांबावे, निदान बसच्या मागून जावे, एवढी एकच सवय लागली तरी फाट्यावरचे बरेच अपघात टळतील. पण सवयीच्या आधी थांब्याची जागा येते. थांबा चौकाला चिकटून असेल तर सर्वांनाच घाई होते. तो पन्नास-साठ मीटर पुढे सरकवून तिथे ओलांडण्याचे पट्टे दिले की अर्धे काम होते.

पदपथांबाबत इंडियन रोड्स काँग्रेसचे निकष स्पष्ट आहेत: चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि रस्त्यापासून १५० मिलिमीटरहून अधिक नसलेली उंची. लहान शहरांत पदपथ असतोच असे नाही, आणि असला तरी बऱ्याचदा तो गटारावरच्या फरश्यांचा असतो. त्याची उंची दुकानागणिक बदलते, मध्ये विजेचा खांब येतो, फरशी फुटलेली असते आणि उरलेल्या जागेत दुचाक्या उभ्या असतात. पाय दुखणारा माणूस अशा पदपथावर चढतच नाही, तो डांबरावरून चालतो. मग वाहनचालक म्हणतो की फुटपाथ असताना हे लोक रस्त्यातून चालतात. दोघांचेही म्हणणे खरे असते, म्हणूनच तोडगा पदपथाच्या दुरुस्तीत आहे.

गतिरोधकांची तऱ्हाही तशीच. ठरलेल्या नमुन्याप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे ताशी २५ च्या आसपास वेगाने गाडी त्यावरून अलगद जाते. अपघातानंतर ग्रामस्थांच्या आग्रहाने रातोरात घातले जाणारे उंचवटे अरुंद आणि टोकदार असतात. त्यांच्यावर ना रंग, ना आधी पाटी. दुचाकीवर मागे बसलेली बाई त्यावरून उडते, रुग्णवाहिकेतला रुग्ण कण्हतो आणि आडून जाता येईल अशी फट शोधून मोटारी साईडपट्टीवर उतरतात, जिथे पादचारी असतो. ओलांडण्याचे पट्टेच उंचावर घेतलेले सपाट गतिरोधक हा त्याहून चांगला उपाय आहे. वाहन आपोआप हळू होते आणि पादचाऱ्याला खाली उतरावे लागत नाही. काळ्या-पांढऱ्या झेब्रा पट्ट्यांची कायदेशीर सुरुवात १९५१ मध्ये इंग्लंडमध्ये झाली. आपल्याकडे पट्टे आले, पण पट्ट्यांसमोर थांबण्याची सक्ती कागदावरच राहिली. मोटार वाहन चालनाच्या २०१७ च्या विनियमांनुसार सिग्नल नसलेल्या पट्ट्यांवर पादचाऱ्याला आधी जाऊ देणे चालकाला बंधनकारक आहे. हे परवाना असलेल्या किती जणांना माहीत असेल, याचा अंदाज चार फाट्यावर दहा मिनिटे उभे राहिले तरी येतो.

द्रुतगती मार्गाचा प्रकार वेगळा. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरच्या या सहापदरी रस्त्यावर पादचारी, दुचाकी, तीनचाकी आणि जनावरे यांना पूर्ण बंदी आहे. सपाट भागात मोटारींना ताशी १०० ची मर्यादा आहे. एका दिशेच्या तीन मार्गिका ओलांडायला नऊ-साडेनऊ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ताशी १०० ची मोटार अडीचशे मीटरच्याही पलीकडे गेलेली असते. दुभाजकावर पोहोचल्यावर उरलेल्या निम्म्या रस्त्यासाठी तोच खेळ पुन्हा. अशा रस्त्यावर माणसाच्या डोळ्याचा अंदाज चालत नाही. समोरून सरळ येणाऱ्या वस्तूचा वेग डोळ्याला नीट कळत नाही, ती ‘लांब आहे’ एवढेच कळते.

तरीही माणसे कुंपणाच्या फटीतून ओलांडतात, याचे कारण केवळ बेफिकिरी नाही. या मार्गाने काही गावांची शिवारे दोन भागांत कापली. घर एका बाजूला, भातखाचर दुसऱ्या बाजूला. खालचा भुयारी मार्ग एक-दीड किलोमीटरवर असेल आणि पावसाळ्यात त्यात पाणी साचत असेल, तर माणूस जवळची फट पाहतो. दुसरे कारण बसचे. खालापूरच्या टोलनाक्याजवळ किंवा फूड मॉलपाशी पुण्याकडची गाडी पकडण्यासाठी लोक कडेला उभे राहतात, आणि चालकही थांबवतात. कायद्याने दोघेही चुकतात. पण फाट्यावरून चढण्या-उतरण्याची सुरक्षित सोय असेल तिथे हा प्रकार कमी होतो, दंडाच्या पाटीने फारसा होत नाही.

याच मार्गावर एक उल्लेखनीय प्रयोगही झाला. २०१६ मध्ये राज्य रस्ते विकास महामंडळ आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी ‘शून्य मृत्यू’ हे लक्ष्य ठेवून काम सुरू केले. त्या वर्षी या मार्गावर दीडशेच्या आसपास मृत्यू झाले होते. पुढच्या काही वर्षांत ही संख्या निम्म्याहून खाली आली. त्यात एकही चमत्कारिक यंत्र नव्हते. धोक्याची जागा एकेक करून तपासणे, उघडी लोखंडी टोके झाकणे, कठडे लावणे, कडेला उभी राहणारी वाहने हटवणे आणि जखमींना लवकर रुग्णालयात नेणे अशी कामे होती. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये स्वीकारलेले ‘व्हिजन झिरो’ हे धोरण असेच सांगते: माणूस चुकणार हे धरून चालायचे आणि ती चूक जीवावर बेतणार नाही असा रस्ता बांधायचा.

जुना मुंबई-पुणे महामार्ग चौक, खालापूर, खोपोलीवरून घाटात जातो, आणि तो पायी चालणाऱ्यांचाही मार्ग आहे. चैत्रात कोळी-आगरी समाजाच्या पालख्या कार्ल्याच्या एकवीरेला याच वाटेने जातात, कार्तिकात रायगडातल्या दिंड्या आळंदीला निघतात. दिंडी बहुधा रस्त्याच्या डावीकडून चालते, म्हणजे तिची पाठ मागच्या वाहनांकडे असते. ऊन टाळण्यासाठी पहाटे तीन-चारला निघण्याची पद्धत आहे आणि तीच वेळ रात्रभर गाडी हाकलेल्या चालकाला डुलकी लागण्याची असते. नोव्हेंबर २०२१ मध्ये खालापूर तालुक्यातून आळंदीला निघालेल्या दिंडीत मावळातल्या साते गावाजवळ पहाटे एक पिकअप घुसला. काही वारकऱ्यांचा जीव गेला, अनेक जखमी झाले. तेव्हापासून अनेक दिंड्यांत परावर्तक पट्ट्यांची जाकिटे दिसू लागली. सर्वांत उपयोगी व्यवस्था दिंडीच्या मागे असते: शेवटच्या ओळीपासून शंभरेक मीटर मागे पिवळे दिवे लुकलुकणारे वाहन, आणि त्याच्या अलीकडे लाल दिव्याची काठी धरलेले दोघे. मृदंग आणि ध्वनिक्षेपकाच्या आवाजात मागचा हॉर्न ऐकू येत नाही, हे गृहीत धरूनच ही रचना करावी लागते.

रात्री दिसण्याचा प्रश्न एकट्यादुकट्या पादचाऱ्यालाही आहे. मोटारीच्या खालच्या झोतात गडद कपड्यातला माणूस पंचवीस-तीस मीटरवर आल्यावर दिसतो, पांढऱ्या कपड्यातला थोडा आधी, आणि परावर्तक पट्टी असेल तर शंभर मीटरच्या पलीकडून. पंचवीस मीटरचे गणित वर झालेच आहे. पादचाऱ्याला चालकाचे दिवे दूरून दिसतात, म्हणून आपणही त्याला दिसत असू असे वाटते. हा समज फार घातक आहे. पदपथ नसेल तेव्हा एकट्याने रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे. शाळेत अनेकांच्या मनावर डावी बाजू ठसलेली असते, पण तो नियम वाहनांचा आहे. दप्तराला, छत्रीला किंवा काठीला चिकटवलेली परावर्तक पट्टी काही रुपयांत मिळते. आश्रमशाळांच्या दप्तरांना ती सरसकट लावता आली तर रस्तासुरक्षा सप्ताहातल्या घोषणांहून जास्त काम होईल.

रेल्वेचा रूळ हा या भागातला दुसरा महामार्ग. कल्याण-कर्जत दुहेरी मार्ग, कर्जतहून पळसदरी, केळवली, डोलवली, लौजीमार्गे खोपोलीला जाणारा एकेरी फाटा आणि कर्जत-पनवेल मार्ग इथे एकत्र येतात. स्टेशनने गाव दुभंगते. वस्ती दोन्ही बाजूंना वाढते आणि पूल बहुधा एका टोकाला असतो. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर दरवर्षी साधारण अडीच हजार माणसे मरतात, त्यांत रूळ ओलांडणाऱ्यांचा वाटा सर्वांत मोठा. लोकलचा डबा सुमारे ३.६६ मीटर रुंद आणि दोन रुळांमधले अंतर १.६७६ मीटर, म्हणजे डबा प्रत्येक बाजूला रुळाच्या मीटरभर बाहेर येतो. रुळापासून एक पाऊल लांब उभे राहून आपण सुरक्षित आहोत असे समजणारा माणूस गाडीच्या मार्गातच असू शकतो. दुसरा सापळा दुहेरी मार्गाचा: एक गाडी समोरून धडधडत जाते, तिच्या आवाजात उलट दिशेची गाडी ऐकू येत नाही आणि माणूस पहिली गेली म्हणून पाऊल टाकतो. कानात इअरफोन असेल तर उरलीसुरली चाहूलही जाते. रूळ ओलांडणे रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. दंड भरून माणसे पुन्हा ओलांडतात. रुळांमधली भिंत आणि दोन्ही टोकांना पूल, शक्य तिथे सरकता जिना, एवढ्यानेच ओलांडणे थांबते असा उपनगरी मार्गांवरचा अनुभव आहे.

पावसाळा सगळ्याच धोक्यांना वाढवतो. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. खड्डा आणि उघडे गटार पाण्याखाली सारखेच दिसतात, साईडपट्टी खचते, छत्री पुढे झुकवून चालणाऱ्याला समोरचे दिसत नाही. आणि नेमके याच दिवसांत शनिवार-रविवारी भिवपुरी, कोंढाणे, खोपोलीजवळचा झेनिथ धबधबा यांकडे पर्यटकांची रीघ लागते. अरुंद रस्त्याच्या दोन्ही साईडपट्ट्यांवर मोटारी उभ्या राहिल्या की चालायची जागा संपते आणि घरी परतणारा गावकरी डांबराच्या मध्यावर येतो. प्रशासन धबधब्यांवर बंदीचे आदेश काढते ते बुडण्याच्या भीतीने. रस्त्यावर चालणाऱ्याचा विचार त्यात क्वचितच असतो. गावाबाहेर वाहनतळ आणि तिथून पायी वाट, अशी व्यवस्था ग्रामपंचायतींना उत्पन्नही देऊ शकते.

तसे ठिकाण या दोन तालुक्यांतच आहे. माथेरान कर्जत तालुक्यातच येते आणि तिथे मोटारींना बंदी आहे; वाहने दस्तुरी नाक्यावर थांबतात, पुढे पायी, घोड्यावर किंवा १९०७ पासून नेरळहून चढणाऱ्या छोट्या गाडीने जायचे. २००३ मध्ये तो परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. माणसांनी ओढायच्या रिक्षांच्या जागी ई-रिक्षा आणण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्यास सांगितले. माथेरानची व्यवस्था खाली कर्जतच्या बाजारात जशीच्या तशी आणता येणार नाही हे उघड आहे. पण स्टेशनजवळचा एखादा बाजाररस्ता गर्दीच्या चार तासांत वाहनांना बंद ठेवणे यात अशक्य काही नाही.

कायद्याने पादचाऱ्याच्या हातात दिसते त्याहून बरेच काही दिले आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त पदपथाचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जीविताच्या हक्काचा भाग मानला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ प्रमाणे रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल ठरल्या निकषांनुसार न केल्याने मृत्यू वा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिल्यास पालकाला किंवा मालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. धडक देऊन पळालेल्या वाहनाचा छडा लागला नाही, तरी मृताच्या कुटुंबाला दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये भरपाई मिळते. २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोखरहित उपचारांची योजना आहे. जखमीला उचलून नेणाऱ्याने पोलिसांच्या चौकशीला घाबरण्याचे कारण उरलेले नाही. कलम १३४-अ त्याला संरक्षण देते. खोपोलीसारख्या घाटाच्या तोंडाशी असलेल्या गावातले स्वयंसेवक वर्षानुवर्षे हे काम करत आले आहेत, कायदा नंतर आला. जखमीची मान हलवू न देणे, वाहणारे रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरणे आणि १०८ किंवा ११२ ला नेमकी जागा सांगणे, एवढे कुणालाही जमते. द्रुतगती मार्गावर जागा सांगताना जवळच्या किलोमीटरच्या दगडाचा आकडा आणि दिशा, मुंबईकडे की पुण्याकडे, हे दोन्ही लागते.

तक्रार करताना पहिली अडचण येते ती रस्ता कुणाचा हे ठरवण्याची. बाजारातली गल्ली नगरपरिषदेची किंवा नगरपंचायतीची, गावजोड रस्ता जिल्हा परिषदेचा, तालुके जोडणारा सार्वजनिक बांधकाम खात्याचा, द्रुतगती आणि जुना महामार्ग राज्य रस्ते विकास महामंडळाकडे, रुळालगतची जमीन रेल्वेची. फाट्यावर हे दोन-तीन मालक एकत्र येतात आणि खड्डा नेमका त्यांच्या सीमेवर असतो. म्हणून अर्जाची प्रत सर्वांना द्यावी, आणि तीत जागेचे छायाचित्र, किलोमीटरचा आकडा, दिवसाची वेळ आणि तिथून किती मुले वा वृद्ध जातात हे लिहावे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येनुसार महामार्गावरच्या ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, अथवा दहा मृत्यू झाले, की ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणून नोंदवली जाते. थोडक्यात वाचलेल्यांची नोंद या व्याख्येत कुठेच होत नाही. ती ग्रामसभेच्या ठरावात, शाळेच्या पत्रात किंवा पोलीस ठाण्यातल्या अर्जातच करून ठेवता येते.